वसंत सरावात कॉलेज फुटबॉलचा संघ कसा जोखावा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा अमेरिकन फुटबॉल) हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये, आपल्याकडे गुढीपाडव्याच्या आगेमागे, प्रत्येक विद्यापीठाचा संघ काही आठवडे मैदानात उतरतो. याला तिकडे स्प्रिंग प्रॅक्टिस म्हणतात. पर्ड्यू, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम अशा विद्यापीठांत शिकायला गेलेली आपली मुलं पहिल्या वर्षी या खेळाकडे गोंधळून बघतात, दुसऱ्या वर्षी त्यात ओढली जातात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत “यंदा आपला संघ किती सामने जिंकेल?” यावर तावातावाने बोलू लागतात. त्या प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधायचं असेल तर काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने बघायचं, ते इथे मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वसंत सरावातून संघाची ताकद मोजता येत नाही, उणीव मात्र मोजता येते. या काळात संघ दुसऱ्या कुणाशी खेळतच नाही, स्वतःशीच खेळतो. धावपटूने, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूने, साठ यार्डांची धाव घेतली, तर तो उत्तम आहे की आपलाच बचाव फुटका आहे? एकाच तालमीतल्या दोन पैलवानांची जोड बघून मैदानातल्या कुस्तीचा निकाल सांगता येत नाही, तसंच हे. पण एखाद्या जागेवर तयार माणूसच नाही, ही गोष्ट लपत नाही. ती शोधायची.

पहिली पायरी: मागचा हंगाम नीट वाचा

सराव सुरू होण्याआधीच हे काम उरकून घ्या. मागच्या वर्षीचे सगळे निकाल कागदावर लिहा आणि आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने वेगळे काढा. टचडाउनचे (चेंडू समोरच्या टोकापर्यंत नेण्याचे) सहा आणि त्यानंतरच्या प्रयत्नाचे दोन मिळून आठ, म्हणजे एका चढाईत भरून निघणारा फरक. अशा सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो आणि तो दरवर्षी सारखा राहत नाही.

टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा, म्हणजे टीसीयूचा संघ २०२१ मध्ये ५-७ (पाच विजय, सात पराभव) होता. २०२२ मध्ये सॉनी डाइक्स प्रशिक्षक म्हणून आले आणि तोच संघ १३-२ करत थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला. वाटेत बेलरविरुद्ध २९-२८, टेक्ससविरुद्ध १७-१०, ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध जादा वेळेत ४३-४० असे जीव टांगणीला लावणारे विजय होते. अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं हरवलं आणि २०२३ मध्ये संघ पुन्हा ५-७ वर आला.

याची दुसरी बाजू नेब्रास्काची. २०२१ मध्ये ते ३-९ होते, पण नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांचे होते आणि हंगामभरात त्यांनी दिले त्यापेक्षा जास्त गुण केले होते. नशीब फिरेल आणि संघ वर येईल, असं कागद सांगत होता. २०२२ मध्ये ते ४-८ झाले आणि तीन सामन्यांनंतर प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना जावं लागलं. म्हणून अटीतटीचे सामने हा पहिला सुगावा समजा, निकाल समजू नका. ते का हरले, हे पाहावंच लागतं. सुटलेल्या चेंडूचं, म्हणजे फंबलचंही तसंच. तो कुणाच्या हाती लागेल हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं, त्यामुळे मागच्या वर्षी असे बरेच चेंडू आपल्याला मिळाले असतील तर यंदा तेवढे मिळतील असं धरू नका.

दुसरी पायरी: गेले कोण, आले कोण

आक्रमणाचे ११ आणि बचावाचे ११, अशा २२ जागा लिहा. प्रत्येक जागेसमोर दोन नावं लिहायची: पहिल्या फळीतला आणि त्याच्यामागचा. याला तिकडे टू-डीप म्हणतात. नावापुढे त्याने कॉलेज पातळीवर किती सामने सुरुवातीपासून खेळलेत, तो आकडा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ही माहिती सहज मिळते.

ही वही भरताना नावलौकिकाने भारावू नका. २०२३ मध्ये १३-१ अशी कामगिरी केलेल्या फ्लोरिडा स्टेटचे १० खेळाडू २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, निवडले गेले. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा), मुख्य रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), मुख्य धावपटू, बचावातले मोहरे, सगळे गेले. तरी हंगामापूर्वीच्या एपी (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था) क्रमवारीत संघाला दहावं स्थान मिळालं. तो हंगाम २-१० असा संपला. मिशिगनचे तर त्याच ड्राफ्टमध्ये १३ जण गेले, राष्ट्रीय विजेतेपद जिंकून देणारी ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकसमोर उभी राहून प्रतिस्पर्ध्यांना रोखणारी पाच जणांची फळी) जवळपास पूर्ण रिकामी झाली, प्रशिक्षक जिम हार्बो एनएफएलमध्ये परतले. पुढचा हंगाम ८-५.

सगळ्या जागांचं वजन सारखं नसतं. क्वार्टरबॅक पहिला, हे उघड आहे. त्यानंतर मी ऑफेन्सिव्ह लाइनला धरतो. पाच माणसांना एकमेकांच्या हालचाली न बोलता कळाव्या लागतात आणि ते एकत्र खेळूनच येतं. बचावात कॉर्नरबॅक आणि सेफ्टी, म्हणजे मागे राहून पास अडवणारे, यांचा अनुभव जास्त मोलाचा, कारण त्यांची चूक थेट फलकावर दिसते. धावपटू त्या मानाने लवकर बदलता येतो.

आता बाहेरून येणाऱ्यांचं. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४ पासून अभ्यासाची अट पाळली तर कितीही वेळा बदलता येतं. २०२५ पर्यंत एप्रिलमध्येही पोर्टल उघडायचं, त्यामुळे वसंत सरावावरून बांधलेला अंदाज महिनाभरात उलटायचा. टेनेसीचा क्वार्टरबॅक निको यामालियावा २०२५ मध्ये स्प्रिंग गेमच्या (वसंत सरावात संघ आपसातच खेळतो त्या जाहीर सामन्याच्या) आदल्या दिवशी सरावाला आला नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक जॉश ह्यूपल यांनी संघ त्याच्याशिवाय पुढे जाईल असं जाहीर केलं आणि तो यूसीएलएला गेला. २०२६ पासून एप्रिलची ती सोय बंद झाली. आता पोर्टल जानेवारीतच उघडतं आणि प्रशिक्षक बदलला तरच त्या संघाला वेगळी मुदत मिळते. आपल्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. मार्चमध्ये मैदानात दिसणारा संघ बहुतांशी तोच ऑगस्टमध्ये असतो. त्यात भर पडते ती उन्हाळ्यात येणाऱ्या नव्या मुलांची. म्हणून आज वसंत सरावात दिसलेलं भगदाड पूर्वीपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायला हवं. ते बुजवायला बाजार उघडा नाही.

आलेल्या खेळाडूचे आकडे वाचताना तो कोणासोबत आला तेही पाहा. कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस जेम्स मॅडिसनहून इंडियानाला आले, तेव्हा त्यांच्यासोबत १३ खेळाडू आले आणि आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंचे समन्वयकही, म्हणजे त्या त्या बाजूची जबाबदारी असलेले प्रशिक्षक. इंडियाना त्या वर्षी ३-९ होता. इंडियाना ज्या गटात खेळतो त्या बिग टेनच्या १८ संघांत पत्रकारांनी त्यांना सतरावं धरलं होतं. वही भरली असती तर दिसलं असतं की ही मुलं या प्रशिक्षकाची पद्धत आधीच जाणतात, म्हणजे ‘नवा प्रशिक्षक, नवी भाषा’ ही नेहमीची अडचण इथे अर्धी सुटलेली आहे. २०२४ मध्ये ते ११-२ झाले आणि २०२५ च्या हंगामात १६-० करून राष्ट्रीय विजेते.

तिसरी पायरी: शिकवणारे बदलले का?

ही पायरी छोटी आहे, पण वगळू नका. आक्रमणाचा किंवा बचावाचा समन्वयक नवा असेल, तर वसंत सरावाचा मोठा भाग नवी पद्धत शिकण्यात जातो. पहिल्या आठवड्यातला गोंधळ तेव्हा मनावर घेऊ नका. शेवटच्या आठवड्यातही तोच गोंधळ दिसला तर घ्या. बदल चांगल्यासाठीही असतो. २०१९ च्या जानेवारीत प्रशिक्षक जो ब्रेडी एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) आले. आदल्या हंगामात १६ टचडाउन पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅक जो बरोने त्या हंगामात ६० टाकले आणि संघ १५-० झाला. खेळाडू तोच होता, त्याच्या हाती दिलेलं आक्रमण बदललं होतं.

चौथी पायरी: सराव बघताना

आधी नियम. शीर्ष विभागाच्या संघाला ३४ दिवसांच्या मुदतीत १५ सत्रं मिळतात. त्यातल्या १२ सत्रांत अंगाला अंग भिडवता येतं आणि त्या १२ पैकी फक्त ८ सत्रांत खेळाडूला जमिनीवर पाडता येतं. म्हणजे खरा फुटबॉल वाटावा असा सराव अगदी थोडा. बहुतेक सत्रं बंद दाराआड होतात. पत्रकारांना सुरुवातीची काही मिनिटं बघायला मिळतात, काही विद्यापीठं एखाद-दुसरं सत्र विद्यार्थ्यांना खुलं करतात. संधी मिळाली तर जरूर जा, आणि जाताना खेळाडूंच्या क्रमांकांची यादी सोबत न्या, कारण पाठीवर नावं असतीलच असं नाही.

सराव छोट्या तुकड्यांत चालतो. भोंगा वाजला की पुढचा तुकडा. प्रत्येक तुकड्यातून वेगळी गोष्ट कळते, आणि काहींतून चुकीची.

एकास एक कवायतीत रिसीव्हरसमोर एकटा कॉर्नरबॅक असतो. क्वार्टरबॅकवर कुणी धावून येत नाही, मैदान मोकळं असतं, त्यामुळे रिसीव्हर जिंकणारच. दोन लाइनमन समोरासमोर येतात तेव्हा उलट होतं. रोखणाऱ्याला शेजारच्याची मदत नसते, म्हणून बचावाचा माणूस वरचढ दिसतो. इथे कोण जिंकलं हे मोजू नका. एकच मुलगा वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर एकाच प्रकारे हरतोय का, ते बघा. प्रत्येक वेळी बाहेरच्या खांद्यावरून मार खाणारा टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) सप्टेंबरमध्येही तिथेच मार खाईल.

सातास सात मध्ये लाइनमन नसतातच, आणि समाजमाध्यमांवर फिरणारे सुंदर पास बहुतेक याच तुकड्यातले असतात. त्यांच्यावरून क्वार्टरबॅकबद्दल मत बनवू नका. बचावाची मागची फळी एकमेकांशी बोलते का, हात करून जागा बदलते का, हे मात्र इथे छान दिसतं.

माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक तुकडा म्हणजे मधोमध धाव घेण्याचा, तिकडच्या भाषेत इनसाइड रन. चेंडू कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही न्यायचा असतो. चेंडूवाल्याकडे बघू नका. शिट्टी वाजल्यावर माणसांचा ढीग जिथे सुरू झाला होता त्याच्या पुढे आहे की मागे, एवढंच बघा. दहा-बारा वेळा पाहिलं की कोणती फळी कुणाला रेटते ते समजतं.

अकरास अकरा सुरू झालं की एक साधी युक्ती वापरा. पहिली आक्रमक लाइन दुसऱ्या बचावासमोर येईल तेव्हा आणि दुसरी आक्रमक लाइन पहिल्या बचावासमोर येईल तेव्हा, दोन्ही लढती लक्ष देऊन पाहा. संघ ठीकठाक असेल तर पहिल्या फळ्यांनी दोन्हीकडे सहज वरचष्मा गाजवायला हवा. पहिली ऑफेन्सिव्ह लाइन दुसऱ्या बचावालाही हलवू शकत नसेल आणि पहिला बचाव मात्र दुसऱ्या लाइनला चिरडत असेल, तर दोष लाइनमध्ये आहे हे जवळपास नक्की. स्वतःशीच खेळणाऱ्या संघाचं कोडं सोडवायचा याहून बरा मार्ग मला माहीत नाही.

मग माणसं मोजा. दोन पूर्ण ऑफेन्सिव्ह लाइन उभ्या राहायला १० जण लागतात. एकच गार्ड (लाइनमध्ये टॅकलच्या शेजारचा) पहिल्या फळीसोबतही खेळतोय आणि लगेच दुसऱ्या फळीसोबतही थांबलाय, असं दिसलं तर तिथे माणसं कमी आहेत. लाइनमन पुरेसे नाहीत म्हणून स्प्रिंग गेम रद्द करून त्याजागी साध्या कवायती ठेवल्याच्या घोषणा अधूनमधून येतात. अशी घोषणा आली की दुसऱ्या कुठल्याही बातमीपेक्षा ती महत्त्वाची समजा. कोण बाजूला उभा आहे, कोणाच्या अंगात संपर्क टाळण्यासाठीचा वेगळ्या रंगाचा जर्सी आहे, तेही लिहा. हिवाळ्यात शस्त्रक्रिया झालेले खेळाडू वसंतात बसतात. खांदा किंवा गुडघा बरा होऊन तो अनुभवी टॅकल ऑगस्टमध्ये परतणार असेल, तर त्याच्या जागी मिळालेला सराव दुसऱ्या फळीतल्या मुलाला कामालाच येतो. ही उणीव वहीत वेगळ्या खुणेने दाखवा, कारण ती तात्पुरती आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी. सेंटरकडून, म्हणजे लाइनच्या मधल्या खेळाडूकडून, मागे येणारा चेंडू वारंवार खाली किंवा वर जातोय का? आणि चेंडू सुटण्याआधीच कुणी हलतंय का? शेवटच्या आठवड्यातही हे होत असेल तर शिस्त अजून बसलेली नाही.

पाचवी पायरी: क्वार्टरबॅकबद्दल संयम ठेवा

सगळ्यांचं लक्ष इथेच असतं आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सरावात क्वार्टरबॅकला हात लावायला मनाई असते. अंगावर कुणी येणार नाही हे ठाऊक असताना माणूस शांत दिसतोच. त्यामुळे हाताची ताकद सोडा, पायांकडे बघा. पाय मागे टाकून स्थिरावला की लगेच चेंडू सुटतो, की तो एक जादा उडी मारून थांबतो? पहिला पर्याय बंद झाल्यावर नजर दुसरीकडे जाते, की तो लगेच पळू लागतो? दहा यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यात सात-आठ यार्ड हवे असताना तो काय करतो?

दोघांत स्पर्धा असेल तर विजेता घोषित करायची घाई करू नका. २०२२ मध्ये टीसीयूत हंगामाआधीची स्पर्धा चँडलर मॉरिसने जिंकली होती. पहिल्याच सामन्यात तो जखमी झाला, मॅक्स डगन आला आणि हाइझमनच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला. म्हणून प्रश्न असा विचारा: दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाकडे तीन सामने सोपवता येतील का? मिशिगनमध्ये २०२४ च्या वसंतात जे. जे. मॅकार्थीची जागा कोण घेणार हे सुटलं नव्हतं. हंगामात डेव्हिस वॉरन, अ‍ॅलेक्स ऑर्जी आणि जॅक टटल अशा तिघांना सुरुवात करावी लागली. पहिला क्रमांक कुणाचा हे एप्रिल संपेपर्यंत ठरलं नाही, तर बहुधा दोघेही तुल्यबळ नसतात. दोघेही अपुरे असतात.

सहावी पायरी: प्रशिक्षक काय बोलतात

कौतुक ऐकून सोडून द्या. वसंतात सगळेच खेळाडू मेहनती असतात. तक्रार मात्र जपून ठेवा, विशेषतः “आम्हाला तिथे आणखी काही जण तयार करावे लागतील” अशा वळणाची. प्रशिक्षकाने दुसऱ्या फळीतल्या मुलांची न विचारता नावं घेतली तर ती जागा भरलेली आहे. एखाद्या जागेबद्दल विचारल्यावर एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर तिथे एकच माणूस आहे. आणि एखाद्याची जागा बदलली, बचावातला मुलगा अचानक आक्रमक लाइनकडे गेला, तर त्यामागचं कारण नक्की शोधा. अशी हलवाहलव सहसा गरजेपोटी होते.

सातवी पायरी: स्प्रिंग गेम

आनंदासाठी बघा. मनापासून सांगतो, बघाच. ओहायो स्टेटच्या २०१६ च्या स्प्रिंग गेमला १,००,१८९ लोक होते. त्या वातावरणाला तोड नाही आणि परदेशात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला त्या गावात सामील झाल्यासारखं वाटायला याहून चांगला दिवस मिळत नाही. पण अंदाजासाठी त्यातला निकाल वापरू नका. गुण देण्याची पद्धत बहुतेकदा वेगळीच असते, संघ वाटून घेतलेले असतात, खास चाली लपवलेल्या असतात. काही संघ आता हा सामना घेतही नाहीत. नेब्रास्काने आणि टेक्ससने २०२५ मध्ये तो नेहमीच्या रूपात घेतला नाही.

गर्दीवरूनही काही ठरत नाही. प्रशिक्षक निक सेबन अलाबामाला आल्यावर २००७ च्या पहिल्या स्प्रिंग गेमला ९२,१३८ प्रेक्षक आले. तो हंगाम ७-६ असा संपला. सेबन यांचा संघ घडायला अजून वेळ होता. कोलोरॅडोत २०२३ च्या एप्रिलमध्ये नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांच्या पहिल्या स्प्रिंग गेमला बर्फ पडत असताना ४७,२७७ जण जमले आणि ईएसपीएनने तो थेट दाखवला. सप्टेंबरमध्ये संघाने पहिले तीन सामने जिंकले, त्यात टीसीयूला त्यांच्या मैदानावर ४५-४२ असं हरवलं. मग लाइनची उणीव उघडी पडली. क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्सला हंगामात पन्नासहून जास्त वेळा चेंडूसकट पाडण्यात आलं आणि शेवट ४-८ असा झाला. कॅमेरा रिसीव्हरांवर होता आणि हंगाम लाइनने ठरवला.

स्प्रिंग गेममध्ये बघायचंच असेल तर उत्तरार्ध बघा. पहिल्या फळीतले बसलेले असतात आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची मुलं खेळतात. नोव्हेंबरमध्ये दुखापती झाल्यावर यांतलेच काही उभे राहणार आहेत. किकर मैदानी गोल (चेंडू लाथाडून खांबांमधून पाठवणं) मारत असेल तर तोही नीट बघा. त्याच्या कामात समोरच्या संघाचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे ४५ यार्डांवरून तो सातत्याने चुकत असेल तर ती माहिती खरी आहे.

आठवी पायरी: वहीतून आकडा काढा

प्रत्येक जागेला आता एक खूण द्या: दोन तयार खेळाडू, एक तयार, किंवा एकही नाही. ‘एकही नाही’ अशा जागा दोनपेक्षा जास्त असतील, किंवा त्यातली एकही क्वार्टरबॅक वा टॅकलची असेल, तर मागचा हंगाम कितीही चांगला असो, अपेक्षा खाली आणा.

त्यानंतर नियमित हंगामाचे १२ सामने तीन रकान्यांत टाका: जिंकायलाच हवेत असे, कठीण, आणि मधले. मधल्यांतले निम्मे जिंकाल असं धरा. बाहेरगावी असलेला मधला सामना अर्धा कठीणकडे सरकवा. वेळापत्रकाचा वाटा लोक विसरतात. इंडियानाच्या २०२४ च्या नियमित हंगामात ओरेगन आणि पेन स्टेट समोर आलेच नाहीत. तो संघ चांगला होताच, पण पत्रकारांनी कागदावर धरलेल्या सतराव्या क्रमांकात आणि ११ विजयांत जे अंतर होतं, त्याचा एक भाग या वेळापत्रकानेही भरून काढला. ओहायो स्टेटसमोर ते ३८-१५ असे हरले.

शेवटचा आकडा एकच लिहू नका, ‘सात ते नऊ’ असा पट्टा लिहा, आणि खाली त्या दोन-तीन रिकाम्या जागांची नावं. मे-जूनमध्ये येणाऱ्या बातम्यांचा महापूर मग वाचायची गरज राहत नाही. ऑगस्टमध्ये सराव शिबिर सुरू झालं की फक्त त्या जागांवर कोण खेळतंय तेवढं शोधा. दुखापतीतून परतलेला अनुभवी खेळाडू तिथे उभा असेल तर पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे जा. शाळा संपवून जूनमध्ये आलेला अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या फळीत डाव्या टॅकलच्या जागी दिसला, तर वरचा आकडा खोडून टाका.